सुती जॅकेट घेताना आधी ते उलटं करून बघा

प्रश्न असा आला आहे : ‘वय ३४. नोकरी मुंबईत, रोज ठाण्याहून लोकलने जातो. ऑफिसात एसी असतो आणि महिन्यातून चार-पाच वेळा ब्लेझर घालावाच लागतो. शिवाय मे महिन्यात नागपूरला मेहुण्याचं लग्न आहे, जावई म्हणून दोन दिवस नीटनेटकं दिसावं लागेल. दोन्हीकडे चालेल असं एकच हलकं, सुती, बाह्यांचं जॅकेट हवंय. पाच हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. दुकानात लिनन फील, कॉटन रिच, समर ब्लेझर असं बरंच दाखवलं, पण घालून बघितलं की सगळ्यांत घाम फुटला. कापड कुठलं घेऊ?’

मी सोलापूरचा. एकतीस वर्षं कात्री चालवतोय, त्याआधी वडिलांच्या हाताखाली काज-बटण करत होतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि लग्नसराईही तेव्हाच असते. त्यामुळे भर उन्हाळ्यात कोट मागणारं गिऱ्हाईक माझ्याकडे दरवर्षी येतं, आणि घातल्यावर काय त्रास झाला तेही मलाच येऊन सांगतं. त्या अनुभवावरून सांगतो : कापड कुठलं, हा दुसरा प्रश्न. आत काय भरलंय, हा पहिला. दुकानात जॅकेट हातात आलं की हँगरवरून काढा, उलटं करा आणि आधी आतली बाजू बघा. उकाडा बहुतेक वेळा तिथेच असतो.

गेल्या वर्षी बँकेत काम करणारे एक गृहस्थ नवंकोरं ब्लेझर घेऊन आले. म्हणाले, ‘मास्तर, शंभर टक्के कॉटन लिहिलंय म्हणून घेतलं, पण दहा मिनिटांत पाठ भिजते.’ मी ते टेबलावर पालथं घातलं, खालच्या दुमडीतले चार टाके उसवले आणि हात आत घातला. बाहेरचं कापड खरोखरच सुती होतं, आणि चांगलं होतं. पण आत खालपासून मानेपर्यंत गुळगुळीत पॉलिएस्टरचं अस्तर, खांद्यांत फोमच्या गाद्या, छातीवर फ्यूजिंग, म्हणजे गोंदाने चिकटवलेलं कापड, आणि त्याच्यावर आणखी एक जाड तुकडा. लेबल पुन्हा वाचलं. कॉटनची ओळ मोठ्या अक्षरात होती, तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘लायनिंग : १०० टक्के पॉलिएस्टर’. दुकानदार खोटं बोलला नव्हता. गृहस्थांनी लेबलाची दुसरी ओळ वाचली नव्हती.

हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगतो. कापसाचा धागा ओल शोषून घेतो. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना सुतात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी मुरलेलं असतं. पॉलिएस्टरमध्ये हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी, म्हणजे ०.४ टक्के. तुमच्या पाठीला लागतो शर्ट, शर्टाला लागतं ते अस्तर. घामाची वाफ शर्टातून बाहेर पडते आणि अस्तरापाशी अडते. त्याच्या पलीकडचं महागाचं सुती कापड कोरडंच राहतं, कारण त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही.

मी त्या ब्लेझरच्या पाठीचं अस्तर काढलं, फोमच्या गाद्या काढल्या, उघड्या पडलेल्या शिवणींना पायपिंग केलं, म्हणजे तिरक्या कापडाची पट्टी बसवून कडा बंद केल्या. काढलेला ऐवज तराजूत टाकला तर १७० ग्रॅम भरला. चार दिवसांनी ते गृहस्थ दुपारी दोनला तेच ब्लेझर अंगात घालून दुकानात आले, आणि नेहमी पंख्याखालची जागा शोधणारे ते, दारातल्या बाकावरच बसले.

तर आतून बघताना काय बघायचं? पहिलं अस्तर. पूर्ण अस्तर असेल तर ते जॅकेट उन्हाळ्याचं नाही, मग नाव काहीही असो. पाठीचा फक्त वरचा भाग, म्हणजे खांद्यांपासून जेमतेम वीतभर, अस्तराचा असेल आणि खाली कापड उघडं असेल तर उत्तम. वरचा तो तुकडा हवा, कारण खांद्यावर कापड सरकलं नाही तर शर्ट गोळा होतो. बाह्यांना मात्र अस्तर असू द्या. लोक मला उत्साहाने सांगतात, ‘मास्तर, बाह्यांचंही काढा.’ मी नको म्हणतो. सुतावर सूत घासलं की ते एकमेकांना धरून बसतं. हात घालताना शर्टाची बाही कोपरापर्यंत वर जाते आणि दिवसभर आत गुंडाळलेली राहते. बाह्यांना व्हिस्कोसचं किंवा बेंबर्गचं अस्तर मागा. बेंबर्ग कापसाच्या सरकीवर उरलेल्या आखूड तंतूंपासून बनतं, रेशमासारखं सरकतं आणि ओलही शोषतं. ते थोडं महाग आहे, पण दोन बाह्यांना कापड लागतं तरी किती.

दुसरी गोष्ट बकरम, म्हणजे आकार धरावा म्हणून आत घातलेलं ताठ कापड. पूर्वी आम्ही छातीला कॅनव्हास टाक्यांनी लावायचो. आता जवळपास सगळीकडे फ्यूजिंग असतं, म्हणजे मागच्या बाजूला गोंदाचे बारीक ठिपके असलेलं कापड. गरम दाबाखाली ते ठिपके वितळतात आणि पुढच्या कापडाला धरतात. जॅकेटचा समोरचा भाग ताठ आणि देखणा होतो, पण ज्या फटींतून हवा जायची त्यांतल्या बऱ्याचशा बुजतात. सुती जॅकेटला याचा आणखी एक त्रास आहे. धुतल्यावर सूत आटतं, फ्यूजिंग तेवढं आटत नाही. दोघांची ओढाताण झाली की छातीवर फुगे येतात, आणि ते कितीही इस्त्री केली तरी बसत नाहीत. अशी जॅकेटं घेऊन लोक येतात तेव्हा मला त्यांना परत पाठवावं लागतं, कारण त्यावर इलाज नाही. म्हणून छातीजवळचं कापड चिमटीत धरून बघा. मऊ, सुटं, एकेरी लागलं तर घ्या. पुठ्ठ्यासारखं लागलं तर ठेवून द्या. कॉलरमध्ये आणि बटणपट्टीत बकरम लागतंच, त्याबद्दल तक्रार नको. तेवढ्याशिवाय जॅकेट ओघळेल.

तिसरी गोष्ट शिवणी. बिनअस्तराचं जॅकेट स्वस्त पडत असेल असा समज आहे. खरं उलट आहे. अस्तर आतलं सगळं झाकतं. ते काढलं की प्रत्येक शिवण उघडी दिसते, आणि प्रत्येकीवर तिरक्या कापडाची पट्टी बसवून ती बंद करावी लागते. आत सगळीकडे नुसतं इंटरलॉक, म्हणजे कडा उसवू नये म्हणून मारलेले मशीनचे टाके, दिसलं तर काम घाईचं. पायपिंग दिसलं, आणि शिवणींत निदान अर्धा इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली दिसली, तर ते शिवणाऱ्याने मनावर घेतलंय. माया असेल तर पुढे पोट सुटल्यावर जॅकेट सैल करता येतं, तोही फायदा आहे. खिसेही बघा. आत पिशवी असलेला खिसा म्हणजे त्या जागी कापडाचे आणखी दोन थर. उन्हाळ्याच्या जॅकेटला शर्टासारखे बाहेरून लावलेले खिसे बरे.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलेलो नाही. आमच्या सोलापुरात संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, आम्ही गड्ड्याची यात्रा म्हणतो. सात नंदीध्वज निघतात आणि ते पेलणारे, त्यांच्याबरोबर चालणारे हजारो लोक अंगात पांढरी बाराबंदी घालतात. वडील डिसेंबरभर बाराबंद्याच शिवायचे, आणि आम्ही भावंडं शाळेतून आलो की बंद उलटवायला बसायचो. बाराबंदी ही सुती जॅकेटच आहे. पांढरं कापड, समोरचे दोन भाग एकावर एक येतात, बटणांच्या जागी बंद, आत अस्तराचा पत्ता नाही. काखेत एक छोटा तुकडा जोडायचा, त्याला वडील चौबगला म्हणत. नवशिक्याकडून तो तुकडा राहिला की ते अख्खी बाराबंदी उसवायला लावायचे. ‘उंच काठी तोलायचीय त्याला. हात वर गेला की अंगरखा वर जाता कामा नये, आणि काखेत हवा शिरली पाहिजे,’ एवढंच सांगायचे. जानेवारी म्हटलं तरी सोलापूरचं दुपारचं ऊन, त्यात गर्दी आणि अंगमेहनत. पण बाराबंदीत उकडतं अशी तक्रार मी आजवर एकाही माणसाकडून ऐकलेली नाही.

ब्लेझरमध्ये चौबगला नसतो. तिथे सगळा खेळ मुंढ्याचा. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात ते भोक. गिऱ्हाईक म्हणतं, ‘उन्हाळ्याचं आहे, मुंढा खाली घ्या, मोकळं वाटेल.’ मुंढा खाली घेतला की बाही छातीच्या बाजूच्या कापडाला बांधली जाते. हात वर केला की अख्खं जॅकेट बरोबर वर येतं आणि काखेत कापडाचा बोळा होतो. त्यापेक्षा मुंढा वर, काखेच्या जवळ हवा आणि बाहीचा घेर जरा सढळ हवा. काख आणि कापड यांच्या मध्ये दोन बोटं आरामात गेली की माप बरोबर. त्याहून घट्ट असेल तर घाम थेट कापडात उतरेल आणि पहिल्याच मोसमात तिथे पिवळा डाग पडेल.

आता कापडाकडे येतो.

वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅमचं आहे ते. शर्टाचं कापड साधारण १०० ते १४०, जीनचं ३०० च्या पुढे. उन्हाळी जॅकेटला १६० ते २०० हा पट्टा मी धरतो. बरेच जण सांगतील, आणखी हलकं घ्या. पण बिनअस्तराचं, बिनबकरमाचं जॅकेट स्वतःच्या पोतावर उभं राहतं. १३० जीएसएमच्या पॉपलीनचं शिवलं तर तो लांब शर्ट दिसतो, खांदा पडतो आणि घाम आला की पाठीला चिकटतो. चिकटलेलं हलकं कापड, सुटं राहिलेल्या जड कापडापेक्षा जास्त उकडतं. वजनाचा आकडा दुकानदाराला सांगता आला नाही तर तागा हातात घेऊन अंदाज करा : शर्टाहून जाड, पँटीच्या ड्रिलहून पातळ.

वजनापेक्षाही मी वीण जास्त बघतो. कापड तोंडाशी धरा, पलीकडे तळहात ठेवा आणि फुंकर मारा. तळहाताला वारा लागला तर ते कापड उन्हाळ्याचं. ही परीक्षा मी प्रत्येक गिऱ्हाइकाला करायला लावतो आणि प्रत्येक जण चकित होतो, कारण बोटांना मऊ, भारी लागणारी बरीचशी कापडं यात नापास होतात. ट्विलची तिरकी वीण दाट बसते, तिच्यातून वारा कमी जातो. साधी वीण, म्हणजे एक धागा वर एक खाली, मोकळी असते. दोन-दोन धागे जोडीने विणलेलं हॉपसॅक, चटईसारखं दिसतं, ते तर आणखी मोकळं, आणि त्याला अंगचाच थोडा ताठपणा असतो. ब्लेझरसाठी माझं आवडतं कापड तेच.

दुसरं आवडतं सीअरसकर. नाव परकं वाटेल, पण मूळ फारसी आहे : शीर-ओ-शकर, दूध आणि साखर. विणताना उभ्या धाग्यांचा एक पट्टा ताणून ठेवतात, शेजारचा सैल सोडतात. सैल पट्टा विणल्यावर चुणी धरतो, म्हणून एक पट्टा दुधासारखा सपाट आणि एक साखरेसारखा खरखरीत. त्या चुण्यांचीच टोकं अंगाला टेकतात, बाकीचं कापड अधांतरी राहतं आणि मधून हवा फिरते. मूळच चुणीदार असल्यामुळे चुरगळलेलं कळत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, न्यू ऑर्लिन्ससारख्या दमट शहरात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून याचे सूट चालतात. आपल्या मुंबईची हवा तशीच. पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचं नको, ते लग्नात फार उठून दिसेल. एकरंगी गडद निळं मिळालं तर सोडू नका. फक्त एक बघून घ्या : काही कापडांत चुणी विणीची नसते, रसायनाने किंवा उष्णतेने आणलेली असते. ताणून बघितल्यावर चुणी सपाट होऊन परत आली नाही, तर ते विणीचं नव्हे.

खादीबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण ती तुमच्या गावातच मिळेल. हाताने कातलेलं सूत कुठे जाड, कुठे बारीक असतं. त्यामुळे कापडाचा पृष्ठभाग कधीच गुळगुळीत होत नाही, अंगाला पूर्ण चिकटत नाही, आणि फुंकर हमखास पलीकडे जाते. दर धुण्याला ती मऊ पडत जाते. जॅकेटसाठी खादी भांडारात ‘कोटिंग’ किंवा जाड खादी मागा, शर्टाची नको. खादी म्हणून यंत्रमागाचं कापडही सर्रास विकलं जातं. खादी आयोगाचा ‘खादी मार्क’ तागावर आहे का बघा, २०१३ च्या नियमांपासून खादी म्हणून विकायचं तर तो लागतो. यंत्रमागाच्या कापडाला मी कमी लेखत नाही. आमच्या सोलापूरचं अर्धं पोट त्याच्यावर भरलंय. पण पैसे खादीचे दिले असतील तर खादीच मिळाली पाहिजे.

नवं कापड हाताला ताठ लागलं म्हणून भुलू नका. ती बऱ्याचदा खळ असते. कोपरा दोन्ही हातांत धरून धुणं चोळल्यासारखा चोळा. पांढरी भुकटी झडली आणि कापड लुळं पडलं, तर पहिल्या धुण्यानंतर जॅकेट तसंच लुळं पडणार.

‘लिनन फील’ म्हणजे लिनन नव्हे, एवढं लक्षात ठेवा. बहुतेक वेळा ते पॉलिएस्टर किंवा व्हिस्कोसचं मिश्रण असतं, वरून जाड-बारीक धाग्याचा देखावा. ‘कॉटन रिच’ म्हणजे कापूस जास्त, पण सगळा नाही. सुतात दोन टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, असेल तर चालेल, हालचालीला बरं पडतं. खऱ्या लिननची आणि सुताची जोडी उत्तम. लिनन सुतापेक्षा ताठ असल्यामुळे कापड अंगापासून सुटं राहतं. शंका आली तर नमुन्याच्या तुकड्यातला एक धागा ओढून काडीने पेटवा. सूत कागदासारखं जळतं, जळक्या कागदासारखाच वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतं. मिश्रण असेल तर राखेत खडा लागतो. धागा चिमट्यात धरा, वितळलेला मणी बोटाला वाईट भाजतो.

आता तुमची खरी अडचण : मुंबई आणि नागपूर. दोन्हीकडे उकडतं, पण उकडण्याची तऱ्हा वेगळी. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि हवा कोरडी. घाम येतो आणि लगेच उडून जातो. तिथे शत्रू ऊन आणि झळा. हवाच अंगाहून तापलेली असते, तेव्हा अंग उघडं टाकून काही मिळत नाही. विदर्भातली माणसं भर दुपारी डोक्याला-तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून बाहेर पडतात, ती उगाच नाही. तिथे सैल, पूर्ण बाह्यांचं सुती जॅकेट उन्हात अंगावर असलेलंच बरं. मुंबईत पारा तेहतीस-चौतीस, पण हवेतच इतकं पाणी की घामाला उडायला जागा नाही. तिथे लोकलमध्ये कुठलंही जॅकेट, अगदी मी शिवलेलंसुद्धा, घालून उभं राहू नका. ते उलटं घडी करून हातावर टाका आणि ऑफिसच्या जिन्यात घाला. सुताचा एक दोषही इथे सांगायला हवा. ते ओल भरपूर पितं, पण एकदा चिंब झालं की लवकर वाळत नाही. भिजल्या पाठीने एसीत गेलात की तीच ओल गार पडते आणि दुपारी पाठ धरते. जॅकेट कोरडं ठेवणं हाच तिथे उपाय.

दोन्हींचा मेळ घालायचा तर तुम्हाला मी हॉपसॅक विणीचं किंवा जाडसर खादीचं, १८० जीएसएमच्या आसपासचं कापड सांगेन. नागपूरच्या उन्हाला ते पुरेसं आडोसा देतं, मुंबईच्या दमटपणात अंगापासून सुटं राहतं. फक्त मुंबईचाच प्रश्न असता तर डोळे मिटून सीअरसकर सांगितलं असतं.

रंगाचा बाऊ करू नका. काळं तापतं हे खरं, पण कपडा सैल असेल तर ती उष्णता अंगापर्यंत पोचेलच असं नाही. वाळवंटातले बदाऊन, म्हणजे भटके अरब, काळे झगे का घालतात याचा शोध घेतला गेला होता. १९८० मध्ये तो ‘नेचर’मध्ये आला. काळ्या आणि पांढऱ्या झग्यांत माणसाच्या अंगाला लागणारी उष्णता सारखीच भरली, कारण काळ्या कापडाने जास्तीची घेतलेली उष्णता आतल्या मोकळ्या हवेतच निघून जात होती. झगे सैल होते, ही त्यातली गोम. माझ्याकडे काळा कोट शिवायला वकील येतात. बार कौन्सिलच्या नियमात उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतरत्र काळ्या कोटाची सक्ती नाही, पण ज्यांना घालावाच लागतो त्यांना मी बिनअस्तराचं काळं सुती कापड सैल मापात शिवून देतो, आणि ते कोट वर्षानुवर्षं चालतात. तुमच्यासाठी गडद निळा बरा. राखाडी आणि फिका निळा टाळा, त्यांवर घामाची ओल लांबून दिसते. गडद निळ्यात एकच खबरदारी : पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा. रुमाल निळा झाला तर तुमच्या पांढऱ्या शर्टाची कॉलरही होणार.

आटण्याबद्दल मी कितीही बोललो तरी कमीच. मिलचं सॅन्फोराइज्ड, म्हणजे यंत्रावर आधीच आटवून घेतलेलं कापड, ही पद्धत १९३० पासूनची, एक टक्क्याच्या आत आटतं. खादी आणि हातमागाचं कापड पाच टक्केही आटू शकतं. जॅकेटची उंची ७१ सेंटीमीटर धरली तर पाच टक्के म्हणजे साडेतीन सेंटीमीटर, आणि बाही तीन सेंटीमीटरने आखूड. मनगट उघडं पडलं की सगळी शोभा गेली. म्हणून कापड कात्रीखाली जाण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं, इस्त्री करायचं आणि मग मोजायचं. बाह्यांच्या अस्तराचंही तसंच. हे काम टेलरवर सोडू नका, घरीच करून द्या. गर्दीच्या दिवसांत भिजवायचं राहून जातं, आणि ते कळतं पहिल्या धुण्यानंतर.

यावरून तुमच्या लक्षात आलं असेल की मी तयार जॅकेटपेक्षा शिवून घ्या असं सांगतोय. तयार मालात पाठ उघडी, बाह्यांना चांगलं अस्तर आणि पायपिंग असं पाच हजारांत क्वचित सापडतं. सापडलं तर जरूर घ्या, फक्त खांदा नीट बसतोय ना बघा. उंची, कंबर, बाही मी दुरुस्त करून देऊ शकतो, खांदा नाही. शिवायचं तर ५८ इंच पन्ह्याचं कापड दोन मीटर पुरेल. खादीचा पन्हा कमी असतो, ३६ इंच असेल तर तीन मीटर घ्या, आणि आटण्यासाठी वर पाव मीटर. एवढं कापड आणि गल्लीतल्या चांगल्या मास्तरची शिलाई मिळून तुमच्या पैशांत बसायला हरकत नाही. लग्न मे महिन्यात आहे, तर कापड फेब्रुवारीत घ्या. मार्चनंतर कुठलाही टेलर तुमच्या पायपिंगसाठी वेळ काढणार नाही.

मास्तरला सांगायचे शब्द असे : पाठ बिनअस्तराची, वर फक्त योकला, म्हणजे खांद्यांखालच्या त्या वीतभर भागाला, अस्तर, बाह्यांना पूर्ण. फ्यूजिंग फक्त कॉलर आणि बटणपट्टीला. खांद्यात गादी नको. खिसे वरून लावलेले. आत सगळीकडे पायपिंग. मागे दोन्ही बाजूंना कट द्या, म्हणजे पंगतीत बसताना ओढणार नाही आणि चालताना खालून हवा येईल. छातीला तयार मापात शर्टाच्या वर निदान चार इंच ढील. तो म्हणेल, बकरमशिवाय फिनिशिंग येत नाही. त्याला म्हणा, नाही आलं तरी चालेल मला.

ट्रायलला जाताना लग्नात घालणार तोच शर्ट घालून जा, दुपारी जा आणि पंखा बंद करायला सांगा. आरशासमोर नुसते उभे राहू नका. लोकलमधली कडी धरता तसा उजवा हात वर करा. जॅकेटचा खालचा काठ तीन बोटांपेक्षा जास्त वर गेला तर मुंढा वर घ्यायला सांगा, आणि ते कच्च्या टाक्यांवर असतानाच सांगा.